रुफस पटनम: सैनिक, मोजणीदार आणि ओहायोतले वसाहतकार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातून घरी परतलेल्या अनेक अधिकाऱ्यांनी पश्चिमेच्या जंगलात नवी गावं वसवली. त्या सगळ्यांत रुफस पटनम यांचं काम कागदोपत्री सर्वांत नीट सापडतं, कारण ते स्वतः हिशेब, नकाशे आणि आठवणी लिहून ठेवणारे होते. त्यांच्याविषयी आणि त्या काळाविषयी नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

पटनम मूळचे कुठले? शिक्षण किती झालं होतं?

जन्म ९ एप्रिल १७३८, मॅसॅच्युसेट्समधलं सटन गाव. सात वर्षांचे असताना वडील वारले. आईनं दुसरं लग्न केलं ते एका खाणावळवाल्याशी. त्याला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि मुलानं पुस्तकात डोकं घालणं त्याला खपत नसे. शाळा जवळजवळ सुटलीच. १७५४ मध्ये सोळाव्या वर्षी ते ब्रुकफील्डला मेहुण्याच्या हाताखाली पाणचक्की बांधायचं काम शिकायला लागले.

हा तपशील लक्षात ठेवायला हवा. पाणचक्की बांधणाऱ्याला लाकडाचे सांधे, दात्यांची चाकं, पाण्याची पातळी आणि उतार, बांधाचा भार हे सगळं हाताशी असावं लागतं. भूमिती आणि अंकगणित त्यांनी रात्री स्वतःच शिकून घेतलं. पुढे किल्ला, नाव, गाव आणि जमिनीची मोजणी असं जे काही त्यांनी केलं, ते याच शिदोरीवर.

पहिलं सैनिकी जीवन कोणतं? स्वातंत्र्ययुद्ध का?

नाही. ते १७५७ मध्ये ब्रिटिशांच्याच बाजूनं फ्रेंचांविरुद्धच्या युद्धात शिपाई म्हणून भरती झाले. १७५८ च्या फेब्रुवारीत मुदत संपूनही सोडेनात, तेव्हा त्यांच्या तुकडीनं कप्तानासकट न्यूयॉर्कमधली स्टिलवॉटरची छावणी सोडली. बर्फावर चालायचे बूट आधीच गुपचूप तयार करून ठेवले होते. वाट चुकली, अन्न संपलं, शेवटी सोबतचा कुत्रा मारून खावा लागला. तरीही ते पुन्हा भरती झाले आणि १७६० पर्यंत सैन्यात राहिले. त्यानंतरची वर्षं चक्क्या, शेती आणि मोजणी यांत गेली. १७७३ मध्ये जुन्या सैनिकांना जमीन मिळेल या आशेवर ते मिसिसिपीकाठी नाचेझच्या बाजूला पाहणी करून आले. तिथली जमीन मिळाली नाही, पण नदीमार्गे वसाहत कशी करायची याचा अंदाज आला.

बॉस्टनच्या वेढ्यात त्यांनी नेमकं काय केलं?

१७७६ च्या हिवाळ्यात ब्रिटिश सैन्य बॉस्टन शहरात होतं आणि वॉशिंग्टन यांचं सैन्य बाहेर. शहर आणि बंदर माऱ्यात घ्यायचं तर डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर तोफा चढवायला हव्या होत्या. अडचण जमिनीची होती. ती सुमारे दीड फूट गोठलेली होती. खंदक खणून मातीचा बांध घालायला एक रात्र पुरणार नव्हती, आणि दिवस उजाडला की मोर्चा शत्रूच्या तोफांसमोर उघडा पडणार होता.

पटनम यांना उसन्या आणलेल्या एका युद्धस्थापत्याच्या पुस्तकात लाकडी चौकटींचा उपाय सापडला. चौकटीची रचना अशी: खाली १० फूट लांब, ६ इंच चौरस जाडीचा ओंडका. त्यावर ५ फूट उंचीचे, तेवढ्याच जाडीचे दोन खांब, एकमेकांपासून ५ फुटांवर खाच पाडून बसवलेले. प्रत्येक खांबाला बाहेरून तिरका टेकू. अशा चौकटी अंतराअंतरानं मांडायच्या आणि खांबांमधल्या जागेत फाट्यांच्या आवळून बांधलेल्या मोळ्या खच्चून भरायच्या. सगळं काम आधी दूर, शत्रूच्या नजरेआड करून ठेवायचं आणि रात्री बैलगाड्यांतून वर न्यायचं. मातीनं भरलेली पिंपंही सोबत नेली होती.

४ मार्चच्या रात्री हे काम झालं. वॉशिंग्टन यांच्या तोफखान्याचे प्रमुख हेन्री नॉक्स यांनी टिकॉन्डेरोगा किल्ल्याहून बर्फावरून ओढून आणलेल्या तोफाही कामी आल्या. १७ मार्चला ब्रिटिशांनी शहर सोडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काँग्रेसनं पटनम यांना कर्नलचा हुद्दा देऊन इंजिनिअर नेमलं. इंजिनिअरांचं वेगळं दल उभारायची त्यांची सूचना पुढे सरकेना, म्हणून डिसेंबरात त्यांनी ते पद सोडून पलटणीचं नेतृत्व घेतलं. १७७७ मध्ये ते साराटोगाच्या मोहिमेत होते. १७७८ मध्ये वेस्ट पॉइंटवर त्यांच्या पलटणीनं बांधलेला किल्ला आजही त्यांच्याच नावानं ओळखला जातो. जानेवारी १७८३ मध्ये ते ब्रिगेडियर जनरल झाले.

युद्ध जिंकल्यावर सैनिकांना जमीन का हवी होती? पगार मिळाला नव्हता का?

मिळाला तो कागदात. काँग्रेसच्या तिजोरीत नाणं नव्हतं, म्हणून थकलेल्या पगाराची प्रमाणपत्रं दिली गेली. बाजारात त्यांची किंमत घसरत डॉलरमागे दहा-पंधरा सेंटांच्या आसपास आली. शिवाय हुद्द्यानुसार जमिनीचं आश्वासन होतं: साध्या शिपायाला १०० एकर, कप्तानाला ३००, कर्नलला ५००, ब्रिगेडियर जनरलला ८५०. पण ही जमीन द्यायची कुठली, हे ठरलेलं नव्हतं.

जून १७८३ मध्ये न्यूबर्गच्या छावणीत जवळपास तीनशे अधिकाऱ्यांनी अर्जावर सह्या केल्या. मागणी एकच: ईरी सरोवर आणि ओहायो नदी यांच्यामधल्या प्रदेशात आम्हाला जमीन द्या. पटनम यांनी तो अर्ज वॉशिंग्टनकडे पाठवताना सोबत सविस्तर पत्र जोडलं. त्यात सहा मैल चौरस गावठाणं, शाळा आणि धर्मोपदेशकासाठी राखीव जमीन, वाटेवर ठरावीक अंतरानं ठाणी अशी सगळी आखणी होती. वॉशिंग्टननी अर्ज पुढे धाडला. काँग्रेसनं काहीच केलं नाही. त्या प्रदेशावर व्हर्जिनिया आणि इतर राज्यांचे दावे अजून सुटायचे होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या सगळ्या खटपटीत पुढे होते ते अधिकारी. साध्या शिपायाच्या घरात खायची भ्रांत होती. बहुतेकांनी आपली प्रमाणपत्रं आणि जमिनीचे हक्क सावकार-दलालांना मातीमोलानं विकून टाकले होते. ओहायोची जमीन उघडली तेव्हा ज्यांनी बंदूक धरली त्यांच्यापैकी मोठ्या वर्गाच्या हाती कागदही उरला नव्हता.

ओहायो कंपनी म्हणजे काय? जमीन किती आणि कशी घेतली?

१ मार्च १७८६ रोजी बॉस्टनमधल्या ‘बंच ऑफ ग्रेप्स’ या खाणावळीत ओहायोतली जमीन एकत्र विकत घेण्यासाठी काढलेल्या या कंपनीची बैठक सुरू झाली. १,००० डॉलरचा एक असे १,००० भाग काढायचे ठरले. पैसे प्रमाणपत्रांत भरायचे, आणि खर्चासाठी भागामागे १० डॉलर मात्र सोन्या-चांदीत.

काँग्रेसशी बोलणी केली मनासे कटलर या धर्मोपदेशकांनी. २७ ऑक्टोबर १७८७ चा करार १५ लाख एकरांचा होता. दर एकरी एक डॉलर, त्यातून निकस जमिनीसाठी एक तृतीयांश सूट. पाच लाख डॉलर आधी आणि तेवढेच मोजणी पूर्ण झाल्यावर. रकमेचा एक सप्तमांश भाग सैनिकांच्या जमीन-हक्कांतून वळता करता येणार होता. प्रमाणपत्रांचा बाजारभाव धरला तर प्रत्यक्षात एकरी आठ-नऊ सेंट पडले.

दुसरा हप्ता कंपनीला भरता आला नाही. १७९२ ची आर्थिक पडझड आणि थकलेले भागधारक ही त्याची कारणं. शेवटी काँग्रेसनं भरलेल्या रकमेपोटी ७,५०,००० एकर, सैनिकी हक्कांपोटी २,१४,२८५ एकर आणि वेगळे १,००,००० एकर दिले. हे शेवटचे एक लाख एकर प्रत्यक्ष राहायला येणाऱ्या पुरुषांना प्रत्येकी १०० एकर फुकट वाटण्यासाठी होते. वस्तीच्या कडेला हत्यारबंद शेतकरी बसवायचे, हा त्यामागचा हेतू. एका पूर्ण भागाला सरतेशेवटी साधारण १,१७३ एकर आले, पण एका जागी नाहीत: घराचा छोटा तुकडा, ३ एकर, ८ एकर, १०० एकर, १६० एकर, २६२ एकर आणि ६४० एकर, असे विखुरलेले.

ही जमीन मोकळी होती का?

नाही. तिथे डेलावेअर, वायन्डॉट, शॉनी, मायामी आणि इतर लोक राहत होते, शेती आणि शिकार करत होते. ब्रिटननं १७८३ च्या तहात जो प्रदेश अमेरिकेला दिला तो या लोकांना विचारून दिलेला नव्हता. त्यानंतरचे तह धाकानं किंवा मोजक्या प्रमुखांच्या सह्या घेऊन झाले, आणि इतरांनी ते मानले नाहीत. १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या कायद्यात मूळ रहिवाशांची जमीन त्यांच्या संमतीशिवाय घेतली जाणार नाही असं लिहिलं होतं. गुलामगिरीवरची बंदी त्याच कायद्यातली. बंदी बऱ्याच अंशी टिकली. संमतीचं कलम कागदावर राहिलं.

१७८२ मध्ये, कंपनीची माणसं पुढे जिथे उतरली त्या मस्किंगम नदीच्या खोऱ्याच्या वरच्या भागात, ग्नाडनह्युटन इथे, पेनसिल्वेनियाच्या हंगामी सैनिकांनी ९६ निःशस्त्र ख्रिस्ती डेलावेअरांना ठार मारलं होतं. पटनम यांची माणसं आली ती या आठवणी ताज्या असताना.

पहिली तुकडी कशी निघाली? सोबत काय काय होतं?

सुतार आणि नावा बांधणाऱ्यांची पहिली टोळी डिसेंबर १७८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधून निघाली, दुसरी १ जानेवारी १७८८ ला कनेटिकटमधल्या हार्टफर्डहून. पगार महिना ४ डॉलर. प्रत्येकानं स्वतःचं आणायचं सामान ठरवून दिलेलं होतं:

- संगीन लावलेली चांगली बंदूक आणि ६ गारगोट्या
- बंदुकीची दारू ठेवायचं शिंग, पिशवी, बंदुकीचा कान (बार पेटवायचं भोक) साफ करायची तार आणि कुंचा
- अर्धा पौंड बंदुकीची दारू, एक पौंड गोळ्या, एक पौंड छर्रे

कुऱ्हाड आणि कुदळही हवीच होती. डोंगरात बर्फ इतकं साचलं की गाड्या सोडून घसरगाड्या कराव्या लागल्या. माणसं पायी पुढे, मागून जनावरं.

पेनसिल्वेनियात यॉकोगेनी नदीवर सिमरल्स फेरीला पोचल्यावर दुसरी अडचण निघाली. लाकूड कापायची पाणगिरणी गोठून बंद होती, फळ्याच नव्हत्या. नावांचं काम रखडलं. अखेर तयार झाली ती मोठी नाव ४५ फूट लांब आणि १२ फूट रुंद होती. भिंती गोळी अडवतील इतक्या जाड, वर छप्पर, पुढचं टोक निमुळतं. सोबत एक सपाट तळाची नाव आणि तीन होड्या. १ एप्रिल १७८८ ला निघून ७ एप्रिलला ४८ माणसं मस्किंगम नदीच्या मुखाशी उतरली. मुखावर झुकलेल्या झाडांमुळे ते दिसलंच नाही आणि नावा पुढे निघून गेल्या. समोरच्या हार्मर किल्ल्यावरच्या शिपायांनी दोर लावून त्यांना मागे आणलं.

गाव कसं आखलं? किल्ला कसा होता?

गावाला मारिएट्टा हे नाव फ्रान्सच्या राणीवरून दिलं. रुंद सरळ रस्ते, घरांचे ठरीव तुकडे, नदीकाठची जागा सार्वजनिक. आखणीच्या जागेत प्राचीन मातीचे प्रचंड ओटे आणि शंकूच्या आकाराचं एक उंच टेकाड होतं. मूळ रहिवाशांच्या पूर्वजांनी ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रचलेलं. पटनम यांनी त्याचा मोजून नकाशा काढला आणि मुख्य भाग सार्वजनिक चौक म्हणून राखले. इतरत्र असे ओटे नांगराखाली गेले. इथले काही टिकले ते या निर्णयामुळे, आणि त्याबद्दल पटनम यांचं मोठं ऋण मानायला हवं.

किल्ल्याचं नाव ‘कॅम्पस मार्शियस’. प्रत्येक बाजू १८० फूट, चार कोपऱ्यांना दुमजली बुरूज. वरचा मजला बाहेर आलेला, म्हणजे भिंतीला चिकटलेल्या शत्रूवर वरून मारा करता यावा. बुरुजांमधली भिंत म्हणजे राहती घरंच. गोल ओंडक्यांऐवजी ४ इंच जाडीच्या हातानं कापलेल्या फळ्या वापरल्या. एक माणूस वर, एक खाली उभा राहून मोठ्या आऱ्यानं ओंडका उभा चिरायचा. काम संथ, पण फटी कमी आणि आग लागायचा धोकाही कमी.

जंगलातली जमीन पहिल्या वर्षी पिकाखाली कशी आणत?

सगळी झाडं तोडणं अशक्य होतं. मोठ्या झाडाच्या खोडाभोवती कुऱ्हाडीनं सालीचं कडं काढून टाकत. सालीतून मुळांकडे जाणारं अन्न तुटलं की झाड वाळत जातं, पानं गळतात आणि उन्हाला वाट मिळते. मधल्या जागेत जमीन न नांगरता कुदळीनं आळी करून मका पेरायचा. १७८८ मध्ये अशा रीतीनं सुमारे १३० एकरांत मका लावला गेला. उभ्या वाळलेल्या झाडांच्या फांद्या पुढची काही वर्षं वाऱ्यात कोसळत राहतात, तेव्हा त्याखाली गुरं बांधणं धोक्याचं.

दुसऱ्या वर्षी घात झाला. पेरणी उशिरा झालेली, आणि ऑक्टोबर १७८९ च्या सुरुवातीलाच कडक थंडी पडली. कणसं दुधात असतानाच गोठली. ओला दाणा कोठारात भरला, त्याला बुरशी आली आणि त्या पिठाच्या भाकरीनं माणसं ओकायला लागली. १७९० च्या मे महिन्यापर्यंत चांगल्या मक्याचा भाव बुशेलला (धान्याचं एक माप) दीड-दोन डॉलरवर गेला. नदीपलीकडे व्हर्जिनियाच्या बाजूला राहणाऱ्या आयझॅक विल्यम्स यांनी मात्र आपला साठा जुन्याच भावानं, ५० सेंटला, कुटुंबातली माणसं मोजून विकला. दलालांनी सगळा एकदम मागितला तो दिला नाही. त्याच काळात देवीची साथही आली. लोक मेपलच्या रसावर, रानभाज्यांवर आणि मिळेल त्या शिकारीवर जुलैतल्या कोवळ्या भोपळ्यांपर्यंत तगले.

मोजणीचं काम कसं चाले? त्यात चुका कुठे होत?

१७८५ च्या कायद्यानं सहा मैल चौरसाचं गावठाण आणि त्यात ६४० एकरांचे ३६ भाग ठरवले होते. १६ वा भाग शाळेसाठी. कंपनीच्या करारात २९ वा धर्मकार्यासाठी, ८, ११ आणि २६ काँग्रेससाठी, शिवाय दोन पूर्ण गावठाणं विद्यापीठासाठी. अथेन्समधलं ओहायो विद्यापीठ त्यातूनच १८०४ मध्ये उभं राहिलं.

मोजणीची साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. ८० साखळ्यांचा मैल, १० चौरस साखळ्यांचा एकर. महाराष्ट्रात गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा आणि ४० गुंठ्यांचा एकर असतो. त्यातले ३३ फूट या साखळीचे बरोबर निम्मे आहेत.

टोळीत काठीवर होकायंत्र लावणारा मोजणीदार, साखळी धरणारे दोघे, आणि वाट तोडून झाडांवर खुणा करणारे कुऱ्हाडवाले. पुढचा माणूस प्रत्येक साखळीला खिळा रोवतो, मागचा तो उचलतो. शेवटी खिळे मोजून हिशेब. चुका ठरलेल्या जागी होत:

- कड्या घासून साखळी लांबते. एक इंच वाढली तर मैलाला ८० इंचांचा फरक.
- उतारावर साखळी जमिनीलगत धरली तर अंतर जास्त भरतं. ती आडवी, पातळीत धरून टप्प्याटप्प्यानं उतरावं लागतं.
- कुऱ्हाड होकायंत्राजवळ आली की सुई हलते.
- चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर वेगळ्या. हा फरक जागेनुसार आणि काळानुसार बदलतो, तो ताऱ्यावरून तपासावा लागतो.

शेवटची बाब पटनम यांची दुबळी बाजू. १७९६ मध्ये वॉशिंग्टननी त्यांना देशाचे मुख्य मोजणीदार नेमलं. १८०३ मध्ये जेफरसननी त्यांच्या जागी गणितज्ञ जॅरेड मॅन्सफील्ड यांना आणलं. पटनम विरोधी पक्षाचे होते हे खरं, पण लांब रेषांना लागणारं खगोलगणित त्यांना येत नव्हतं हेही तितकंच खरं.

बिग बॉटमला काय चुकलं?

मारिएट्टापासून नदीच्या वरच्या अंगाला सुमारे ३० मैलांवर काही तरुण भागधारकांनी घाईनं वस्ती केली. २ जानेवारी १७९१ च्या संध्याकाळी डेलावेअर आणि वायन्डॉट योद्ध्यांनी हल्ला केला. १२ जण मेले, त्यात एक बाई आणि दोन मुलं. बुरुजाच्या ओंडक्यांमधल्या फटी बुजवल्या नव्हत्या, भोवती कुंपण नव्हतं, पहारा नव्हता, बंदुका कोपऱ्यात आणि कुत्री घरात होती. नदी गोठली की ओलांडता येते, हेही विसरलं गेलं.

पटनम यांनी लगेच वॉशिंग्टनना कळवलं की मदत आली नाही तर वसाहत बुडेल. लोकांना तीन-चार ठाण्यांत गोळा केलं, कंपनीच्या पैशातून टेहळे नेमले. त्याच नोव्हेंबरात गव्हर्नर सेंट क्लेअर यांच्या सैन्याचा मूळ रहिवाशांनी धुव्वा उडवला.

पुढे पटनमना पुन्हा ब्रिगेडियर जनरल करून तहासाठी पाठवलं. सप्टेंबर १७९२ मध्ये व्हिन्सेन्सला त्यांनी वाबाश आणि इलिनॉय जमातींशी तह केला. त्यात त्यांच्या जमिनीची हमी होती, पण ती विकली तर फक्त सरकारलाच विकायची ही अट नव्हती. सेनेटनं १७९४ मध्ये तो नाकारला. युद्धाचा निकाल १७९४ मध्ये फॉलन टिंबर्सला लागला. १७९५ च्या ग्रीनव्हिल तहानं आजच्या ओहायोचा बहुतेक भाग मूळ रहिवाशांच्या हातून गेला.

ते आणि जनरल इस्रायल पटनम एकच का?

नाही. बंकर हिलच्या लढाईत गाजलेले इस्रायल हे रुफस यांच्या वडिलांचे चुलतभाऊ, वयानं वीस वर्षांनी मोठे. जुन्या मजकुरांत दोघांची खूप सरमिसळ आढळते.

मारिएट्टा ही ओहायोतली पहिली वस्ती होती का?

नव्या सरकारच्या कायद्याखाली संघटितपणे वसलेली पहिली कायम वस्ती, एवढंच म्हणता येतं. मूळ रहिवाशांची गावं शेकडो वर्षं होतीच, आणि मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी डेलावेअरांसोबत शोनब्रुन हे गाव १७७२ मध्येच वसवलं होतं. मोठ्या नावेला ‘मेफ्लॉवर’ म्हणतात, पण ते नाव नंतर चिकटलं. कागदपत्रांत तिचं नाव ‘अॅडव्हेंचर गॅली’.

पुढचं आयुष्य कसं गेलं? आज काय पाहता येतं?

पत्नी पर्सिस आणि मुलांना त्यांनी १७९० मध्ये मारिएट्टाला आणलं. त्याच वर्षी ते प्रदेशाचे न्यायाधीश झाले. १८०२ मध्ये ओहायोची राज्यघटना लिहिणाऱ्या सभेत ते गुलामगिरीच्या विरोधात ठाम उभे राहिले. पर्सिस १८२० मध्ये गेल्या, रुफस ४ मे १८२४ ला, ८६ व्या वर्षी.

किल्ला पाडताना त्यांचं घर तेवढं ठेवलं गेलं. ते आज कॅम्पस मार्शियस संग्रहालयाच्या इमारतीच्या आत, मूळ जागेवरच आहे. फळ्यांचे सांधे जवळून पाहता येतात. प्राचीन टेकाडाभोवतीच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या रटलंडचं जुनं घर आणि वेस्ट पॉइंटवरचा किल्लाही उभा आहे. वाचनच करायचं असेल तर त्यांच्या आठवणींपासून सुरुवात करावी. त्या १९०३ मध्ये छापून आल्या. शब्दांची वर्णरचना मनमानी आहे, पण मापं आणि तारखा नेटक्या.